डिझेल गाडीचे दोन फिल्टर: कोणता कधी बदलायचा?

सर्व्हिसिंगला दिलेली डिझेल गाडी संध्याकाळी आणायला गेलं की जॉबकार्डावर एक ओळ हमखास दिसते, 'एअर फिल्टर क्लीन'. विचारलं तर "हवा मारून दिलीय साहेब, अजून एक सर्व्हिस आरामात निघेल" असं उत्तर मिळतं. डिझेल फिल्टरची ओळ एक तर त्या कागदावर नसतेच, नाहीतर 'नेक्स्ट सर्व्हिस' असा शेरा मारून गाडी सोडलेली असते. पैसे वाचले म्हणून आपणही खूश. पण या दोन फिल्टरांशी वागायची रीत आपल्याकडे नेमकी उलटी पडली आहे. हवेचा फिल्टर उघडून बघता येतो, म्हणून त्याला गरज नसताना हात लावला जातो. डिझेलचा फिल्टर बंद डब्यात असतो, दिसत नाही, म्हणून तो गाडी अडेपर्यंत लांबतो. खरं तर पहिला बघून बदलायचा असतो आणि दुसरा न बघता, हिशेबाने.

किती किलोमीटरला, याचं उत्तर सगळ्यांना एका आकड्यात हवं असतं. आकडे पुढे दिले आहेत. पण एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना तो आकडा वेगळा का पडतो, हे आधी कळलं तर गाडीचं पुस्तक हाताशी नसतानाही अडत नाही.

इंजिन किती हवा ओढतं

एक लिटर डिझेल म्हणजे साधारण ८३० ग्रॅम. ते पूर्ण जळायला वजनाने साडेचौदा पट हवा लागते, म्हणजे बारा किलो. बारा किलो हवा म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर. हा झाला कमीत कमी हिशेब, कारण डिझेल इंजिन नेहमी गरजेपेक्षा जास्तच हवा घेतं. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की झडप मिटते आणि हवा कमी होते. डिझेलमध्ये ॲक्सिलरेटरने कमीजास्त होतं ते डिझेल. हवा मात्र दर आवर्तनाला सिलिंडर भरून आत येते. दीड लिटरचं इंजिन सिग्नलला ८०० आरपीएमवर नुसतं घुरघुरत उभं असलं, तरी मिनिटाला ६०० लिटरच्या आसपास हवा आत जाते. (ईजीआर, म्हणजे जळलेला थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडायची सोय, असलेल्या गाड्यांत यातली काही हवा एक्झॉस्टमधून फिरून आलेली असते, तेव्हा हा आकडा ढोबळ समजा.)

यातून एक गोष्ट निघते, ती सर्व्हिस बुकात ठळकपणे लिहिलेली नसते. किलोमीटर हे हवेच्या फिल्टरचं खरं माप नव्हे. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी २० च्या सरासरीने चालणारी गाडी २०,००० किलोमीटर होईपर्यंत १,००० तास चाललेली असते. तेवढेच किलोमीटर समृद्धी महामार्गावर ताशी ८० च्या सरासरीने झाले तर २५० तास. महामार्गावर इंजिन तासाला जास्त हवा ओढतं हे खरं, पण ती हवा शहरातल्या, पुढच्या बसने उडवलेल्या हवेपेक्षा बरीच स्वच्छ असते. मीटरवरचा आकडा सारखाच, फिल्टरांची अवस्था मात्र कुठल्या कुठे.

धुळीचाही प्रकार बघावा लागतो. खडी क्रशरच्या आसपासची काळ्या दगडाची भुकटी, उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या शेतरस्त्यांवर उडणारी माती, कोकणातली जांभ्याची तांबडी धूळ, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या कामाने त्या पट्ट्यातल्या गाड्यांना चारलेला भराव. यातल्या वाळूच्या कणांत क्वार्ट्झ असतं, आणि ते साध्या पोलादापेक्षा कठीण असतं. तो कण पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) यांच्यात शिरला की पॉलिश पेपरचं काम करतो. त्याआधी त्याची गाठ टर्बोशी, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याशी पडते. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्या वेगाला बारीक धूळसुद्धा पात्यांच्या कडा खाते. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत एअर फिल्टर म्हणजे इंजिनाआधी टर्बोचं संरक्षण असतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

हवा मारणं हे बहुतेक वेळा नुकसानच

आता त्या 'क्लीन'वाल्या ओळीकडे. नवा कोरा कागदी फिल्टर हा सगळ्यात चांगला गाळणारा फिल्टर, असं आपण धरून चालतो. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. चहाच्या गाळणीत चोथा साचला की खालचा चहा जास्त निवळ येतो, तसंच इथे होतं. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच आणखी बारीक कण अडवतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतही नव्या फिल्टरची पहिल्या काही वेळातली कार्यक्षमता नंतरच्यापेक्षा कमीच भरते. म्हणजे थोडा मळलेला फिल्टर हा आजारी फिल्टर नव्हे, तो भरात आलेला असतो.

दर सर्व्हिसला कंप्रेसरने हवा मारली की तो थर उडतो आणि गाळण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण गॅरेजमधल्या कंप्रेसरचा दाब सात-आठ बारच्या घरात असतो, आणि नळी कागदाला टेकवून मारायची पद्धत. त्याने कागदाचे तंतू फाकतात, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. वर फिल्टरच्या कडेची रबरी सील दर वेळी काढघाल केल्याने दबते, वाकडी बसते. सीलशेजारून केसाएवढी फट राहिली तर हवा कागदातून जाण्याऐवजी तिकडूनच जाईल. हवेला सोपी वाट आवडते. मग तुमच्या गाडीत फिल्टर आहे आणि नाहीही.

काही कंपन्या साफ करायची परवानगी देतात, पण ती कमी दाबाच्या हवेने, लांबून, आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. पावसाळ्यात पानं, मेलेली पाखरं अडकली तर फिल्टर हलकेच आपटून झटकणं ठीक. पाण्याने धुणं मात्र नाहीच; कागद फुगतो, पापुद्रे एकमेकांना चिकटतात.

मग बघायचं काय? डब्याच्या क्लिपा काढा (काही गाड्यांत स्क्रू असतात). फिल्टर उचलायच्या आधी डब्याच्या खालच्या भागात किती माती साचली आहे ते बघा. फिल्टर बाहेर काढून उन्हाकडे धरा आणि घड्या अंगठ्याने हलक्या उघडा. वरची कड काळी असली तरी घडीच्या तळाशी कागदाचा मूळ रंग दिसतोय आणि उजेड आरपार येतोय, तर अजून वेळ आहे. घडी तळापर्यंत मातीने बुजली असेल, कागद तेलकट किंवा ओला असेल, सील कडक झाली असेल, तर त्याचे दिवस भरले. सगळ्यात महत्त्वाची तपासणी यानंतरची, आणि ती क्वचितच कोणी करतं. फिल्टरच्या पुढे, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट घालून आतून फिरवा. बोटाला कोरडी बारीक धूळ लागली तर फिल्टर किंवा सील धूळ पास करतेय, मग फिल्टर किती का नवा दिसेना. थोडा तेलाचा ओशटपणा असू शकतो, इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं, म्हणजे ब्रीदरचं ते तेल असतं. धूळ मात्र अजिबात चालणार नाही.

ही तपासणी १०,००० किलोमीटरला एकदा पुरे. बदलायचा हिशेब माझ्या मते असा: बहुतेक फिरणं महामार्गावर असेल तर ३०,००० ते ४०,०००, शहरात २०,०००, आणि रोज कच्चा रस्ता, क्रशर, वीटभट्टी किंवा चालू बांधकाम वाटेत असेल तर १०,००० ते १५,०००. गाडीच्या पुस्तकात यापेक्षा कमी आकडा असेल तर पुस्तकाचं ऐका. पुस्तकात 'सिव्हियर कंडिशन' असा वेगळा रकाना किंवा तळटीप असते, ती आधी वाचा. धूळ, सततचा ट्रॅफिक, छोट्या छोट्या फेऱ्या, ओझं ओढणं अशी तिची व्याख्या असते. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य गाड्या त्या तळटिपेतच बसतात. युरोपातल्या यूट्यूबरने ६०,००० सांगितले तर ते त्याच्या रस्त्यांसाठी बरोबर असतील.

नव्या एअर फिल्टरने एव्हरेज वाढतं, असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली पेट्रोल गाड्यांवर ही चाचणी घेतली होती. संगणकाने नियंत्रित इंजिनांत फिल्टर चोंदला तरी मायलेजवर विशेष फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला. डिझेलचं गणित थोडं निराळं असलं तरी एव्हरेजसाठी फिल्टर बदलणं हे कारणच चुकीचं आहे. जुन्या, यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये फिल्टर चोंदला की सरळ काळा धूर यायचा, कारण हवा कमी पडली तरी पंप डिझेल तेवढंच सोडायचा. आताच्या कॉमन रेल गाडीत (एका सामायिक नळीत प्रचंड दाबाने साठवलेलं डिझेल संगणकाच्या हुकुमाने सोडणारी पद्धत) हवेचा सेन्सर कमतरता ओळखतो आणि डिझेल आखडतो. धूर दिसत नाही, गाडी फक्त मंद वाटते. बीएस-६ (२०२० पासूनचे प्रदूषणाचे नियम) गाडीत आणखी एक भानगड असते. हवा कमी पडली की काजळी वाढते, आणि ती सायलेन्सरच्या वाटेतल्या डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत साठते. शहरात आधीच वारंवार भरणारा डीपीएफ मग आणखी लवकर भरतो, आणि दिवा त्याचा लागतो. मूळ दुखणं मात्र दुसऱ्याच टोकाला असतं.

डिझेलचा फिल्टर: इथे उधारी नको

एअर फिल्टर लांबला तर इंजिन हळूहळू झिजतं. डिझेल फिल्टर लांबला तर एका दिवसात मोठं बिल येऊ शकतं.

कॉमन रेल पद्धत मोटारीत पहिल्यांदा विक्रीला आली १९९७ साली, अल्फा रोमियो १५६ मध्ये. त्याच घराण्यातलं फिएटचं १.३ लिटर मल्टिजेट इंजिन पुढे आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत आलं. आजही बऱ्याच टॅक्सी त्यावर पळतात. या पद्धतीत पंप डिझेलला १,६०० ते २,००० बार दाबाने रेलमध्ये भरतो. आपल्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बार असते, यावरून अंदाज यावा. हा दाब धरून ठेवायला इंजेक्टरमधली (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) सुई आणि तिची बाही यांच्यात दोन-तीन मायक्रॉनचीच फट ठेवलेली असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे चार-पाच मायक्रॉनचा, चिमटीत धरूनही न जाणवणारा कण तिथे धोंड्यासारखा असतो. फिल्टरला अडवायचे असतात ते हे कण.

दुसरं काम पाणी अडवण्याचं. ते जास्त महत्त्वाचं, असं माझं मत. हाय प्रेशर पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही. त्याचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच. पाण्यात वंगण नसतं. पाण्याचा घोट पंपात गेला की धातूवर धातू घासतो, आणि निघालेला चमकदार कीस रेलमधून थेट इंजेक्टरांपर्यंत जातो. मग नुसता पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, चार इंजेक्टर, नळ्या आणि टाकीची सफाई मिळून बिल लाखाच्या आसपास किंवा पुढे जातं. फिल्टर येतो हजार-दोन हजारांत.

सल्फरचा मुद्दाही इथे येतो. बीएस-३ च्या डिझेलमध्ये सल्फर ३५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ३५०) चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये फक्त १०. सल्फर काढताना डिझेलचा नैसर्गिक ओशटपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीत वंगण देणारं रसायन मिसळतात. डिझेल स्वच्छ झालं, हवेसाठी फार चांगलं झालं, पण पाण्याला माफी देण्याची त्याची ऐपत वाढली नाही.

पाणी येतं कुठून? पेट्रोल पंपावरच्या जमिनीखालच्या टाकीतून येतं, विशेषतः जोरदार पावसानंतर. तुमच्या स्वतःच्या टाकीतूनही येतं. अर्धी रिकामी टाकी म्हणजे वर दमट हवा. रात्री गार झालं की तिचे थेंब पत्र्यावर धरतात आणि तळाला जातात. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते खालीच बसतं, आणि डिझेल ओढायचं तोंडही खालीच. पाणी आणि डिझेल जिथे मिळतात त्या पातळीवर सूक्ष्मजीव वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साय तयार होते. गाडी महिनोन् महिने उभी असेल तर हे जास्त होतं. मुलगा दुबईला, गाडी गावी शेडमध्ये, वर्षातून एकदा सुट्टीत बाहेर निघते, अशा गाडीने किलोमीटर फारसे केलेले नसतात, पण फिल्टर जुना झालेला असतो. म्हणून इथे किलोमीटरबरोबर वर्षंही मोजायची. अशी गाडी ठेवताना टाकी फुल करून ठेवावी, म्हणजे दमट हवेला जागाच राहत नाही.

फिल्टरच्या आत पाण्याचे बारीक थेंब तंतूंवर एकत्र येतात, मोठे होतात आणि तळाच्या वाटीत पडतात. वाटीत दोन टोकांचा सेन्सर असतो. पाणी वीज वाहून नेतं, डिझेल नेत नाही. पाणी त्या टोकांपर्यंत चढलं की डॅशबोर्डवर फिल्टर आणि थेंबाच्या चित्राचा दिवा लागतो. तो लागला तर 'घरी जाऊन बघू' नाही. गाडी बाजूला घ्या, जमत असेल तर तिथेच पाणी काढा, नाहीतर मेकॅनिकला बोलवा.

पाणी काढणं फार अवघड नाही. इंजिन बंद, थंड. फिल्टरच्या तळाला प्लास्टिकचा स्क्रू असतो. खाली काचेची बरणी धरा, भांडं नको, आत दिसलं पाहिजे. स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करा. सुरुवातीला येणारं पाणी बरणीच्या तळाशी मण्यांसारखं वेगळं राहतं. वर पिवळसर डिझेल. नुसतं डिझेल यायला लागलं की स्क्रू हातानेच आवळा, पान्याने आवळला तर प्लास्टिक चिरतं. बरणीत बोटभर पाणी निघालं तर शेवटचं डिझेल कुठे भरलं होतं ते आठवा आणि त्या पंपावर जाणं थांबवा. फिल्टर ढकलत-ढकलत चालवायची ही वेळ नव्हे, तो त्याच आठवड्यात बदला. पाणी अडवणारा कागद जुना होतो तशी त्याची ही ताकद कमी होत जाते, आणि मग पाणी वाटीत न पडता सरळ पुढे निघून जातं. दिवा कधीच न लागणं हे शुभलक्षण असेलच असं नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. भेसळ फिल्टर अडवू शकत नाही. डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं असेल तर ते एकजीव होतं, कागदातून आरामात जातं. फिल्टर अडवतो ते कण आणि सुटं पाणी. भेसळीवर उपाय म्हणजे जिथे खप जास्त आणि माल ताजा असा भरवशाचा पंप, आणि शंका आली तर पंपावर डेन्सिटी तपासून मागणं. तो ग्राहकाचा हक्क आहे.

आता आकडा. बहुतेक भारतीय डिझेल गाड्यांचं वेळापत्रक २०,००० ते ४०,००० किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी असतं, काहींचं त्याहून लांब. माझा सल्ला: पुस्तकातला आकडा ही वरची मर्यादा धरा, ती कधीच ओलांडू नका. पुस्तक हरवलं असेल तर २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी येईल ते. गावाकडच्या लहान पंपांवर किंवा कॅनमधून डिझेल भरावं लागत असेल तर १५,००० ला बदला. हा फिल्टर धुवायचा नसतो, हवा मारायची नसते, उघडून 'अजून चालेल' म्हणायचं नसतं. शिवाय त्यातून जाणारं डिझेल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतं. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या गाडीने २०,००० किलोमीटरमध्ये १,२५० लिटर डिझेल जाळलेलं असतं. पण कॉमन रेलमध्ये पंपाला लागतं त्याहून जास्त डिझेल ओढलं जातं आणि उरलेलं परत टाकीत जातं. तेच डिझेल फिल्टरमधून अनेकदा फिरतं.

लांबलेला फिल्टर ओळखायची खूण घाटात सापडते. गावात गाडी ठीक, सेल्फ पटकन लागतो, सपाट रस्त्यावर ८० ने पळते. खंबाटकी किंवा आंबोलीला चार माणसं आणि एसी घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मात्र गाडी दम टाकते, चेक इंजिन लागतं. बाजूला घेऊन बंद-चालू केली की पुन्हा ठीक. आयडलला इंजिनाला डिझेल जेमतेम लागतं, चोंदलेला कागदही तेवढं देतो. चढावर मागणी वाढते आणि कागद हात वर करतो. ऑइल फिल्टरला चोंदल्यावर बाजूने वाट देणारी झडप असते, डिझेल फिल्टरला सहसा नसते, आणि नसते तेच बरं. अशा वेळी स्कॅनर लावला तर बहुधा पी ००८७ हा कोड येतो: रेलमधला दाब कमी. या कोडवर लगेच हाय प्रेशर पंप बदलायला सांगणारा मेकॅनिक भेटला तर आधी फिल्टर बदलून बघा म्हणावं.

लेह-लडाखला आपापली स्कॉर्पिओ घेऊन जाणाऱ्यांसाठी एक आडवळणाची गोष्ट. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि ते सगळ्यात आधी फिल्टरच्या कागदावर धरतं. गाडी सुरू होत नाही, आणि फिल्टर मात्र नवा असतो. याचसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना याची गरज नाही. पण ऑक्टोबरनंतर जाणार असाल तर खाली मैदानात भरलेलं डिझेल संपवून वरचं भरा.

सेकंडहँड गाडी आणि पाण्यातून गेलेली गाडी

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गदा आली, आणि तिथल्या बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत विकल्या गेल्या. महाराष्ट्रातही आल्या. अशी गाडी घेतलीत, किंवा शेजारच्याकडूनच जुनी डिझेल घेतलीत, तर विकणाऱ्याने काही सांगो, दोन्ही फिल्टर पहिल्याच दिवशी बदला. मग तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर बॉनेटखाली लावा. पुढचा सगळा हिशेब तिथून.

मुंबईत, वसईत, कोल्हापुरात गाडी पाण्यातून गेली असेल तर सेल्फ मारायच्या आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. कागद ओला असेल तर सेल्फ मारूच नका. पाणी सिलिंडरपर्यंत पोचलेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या. डबा कोरडा असेल तर तेवढी चिंता गेली.

बदलताना

एअर फिल्टर घरी बदलता येतो. डबा ओल्या फडक्याने पुसून घ्या, धूळ पुढच्या पाइपात पडू देऊ नका, सील खाचेत बसली का ते बोट फिरवून बघा. तेलात भिजवलेले, धुऊन पुन्हा वापरायचे कापडी फिल्टर मी सुचवत नाही. जास्त तेल लावलं गेलं तर ते हवेच्या सेन्सरवर जाऊन बसतं, आणि आपल्या धुळीत कागदच जास्त भरवशाचा.

डिझेल फिल्टर सरावाच्या माणसाकडूनच बदलून घ्या. खरी गोम असते ती एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढण्यात. काही गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या इनोव्हात, फिल्टरवरच हातपंप असतो. तो कडक लागेपर्यंत दाबायचा. काहींत टाकीत इलेक्ट्रिक पंप असतो, तिथे चावी ऑन करून काही सेकंद थांबायचं, बंद करायची, असं चार-पाच वेळा. घाईने सेल्फवर सेल्फ मारून गाडीने एअर धरली की पंप कोरडा फिरतो, म्हणजे ज्या पंपासाठी हा सगळा खटाटोप त्याचंच नुकसान. नवा फिल्टर लवकर भरावा म्हणून त्याच्या मधल्या भोकात कॅनमधलं डिझेल ओतणारेही आहेत. ती गाळून झालेल्या डिझेलची बाजू असते. तिथे न गाळलेलं डिझेल ओतणं म्हणजे कचरा थेट इंजेक्टरला पोचता करणं.

फिल्टर गाडीच्या कंपनीचा किंवा बॉश, मान, महाले, प्युरोलेटर अशा नावाजलेल्या ब्रँडचा, बिलासकट घ्या. याच नावांच्या बनावट खोक्यांचाही बाजार आहे. निम्म्या किमतीला मिळणारा 'सेम टू सेम' फिल्टर आतून काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं.

आणि जुना डिझेल फिल्टर परत मागून घ्या. मेकॅनिकला त्याचं भोवतीचं आवरण हॅकसॉने कापायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. कागद नुसता काळपट तपकिरी असेल तर तुमचा हिशेब बरोबर चाललाय, पुढचा तेवढ्याच किलोमीटरला बदला. तळाला गंजाचा लाल गाळ असेल तर पाणी येतंय, टाकी आणि जिथे डिझेल भरता तो पेट्रोल पंप दोन्ही संशयित. काळी बुळबुळीत साय दिसली तर टाकी उतरवून साफ करावी लागेल, नाहीतर नवा फिल्टर महिन्याभरात तसाच होईल. आणि घड्यांत चांदीसारखे चमकणारे कण दिसले तर गाडी घरी नेण्याआधी हाय प्रेशर पंप तपासून घ्या. परत येणाऱ्या डिझेलबरोबर कीस टाकीत गेला आणि तिथून फिल्टरला आला, असा त्याचा अर्थ असू शकतो.